खाली बसावे की न बसावे? गुडघ्याच्या झिजेचा वाद

गुडघे दुखतात म्हणून दवाखान्यात गेलेल्या माणसाला गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर एक यादी हमखास मिळते: मांडी घालू नका, उकिडवे बसू नका, जिना टाळा, कमोड वापरा. तोच माणूस योगवर्गाला गेला की नेमके उलटे ऐकतो. खाली बसायचे सोडले म्हणूनच गुडघे गेले, असे तिथले मत. दोन्हीकडची माणसे ठामपणे सांगतात आणि दोघांच्याही हाताशी थोडाफार पुरावा आहे. तो कुठून आला, किती भक्कम आहे आणि कुठे अपुरा पडतो, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. मांडी, उकिडवे, वज्रासन आणि विळीवरची ती एक पाय दुमडून दुसरा पाटावर रोवलेली बैठक, या सगळ्यांना आपण ‘खाली बसणे’ म्हणतो. पण प्रत्येकीत गुडघ्याला वेगळे काम पडते. वादातला निम्मा गोंधळ या बैठका एकाच दावणीला बांधल्यामुळे झाला आहे, असे माझे मत आहे.

सांधा मुळात काय करतो

शाळेच्या पुस्तकात गुडघा ‘बिजागरीचा सांधा’ म्हणून येतो. खुबा उखळीचा, गुडघा बिजागरीचा, मान खुंटीची. परीक्षेपुरते ते ठीक. पण खुर्चीवर बसून, गुडघा काटकोनात ठेवून पाऊल आत-बाहेर वळवून पाहा. नडगी स्वतःभोवती फिरताना हाताला जाणवते. आता पाय समोर सरळ ताणा आणि पुन्हा पाऊल वळवा. या वेळी फिरतो तो सगळा पाय, तोही खुब्यातून. गुडघ्यातले वळणे बंद झालेले असते. गुडघा पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत नडगीचे हाड किंचित बाहेरच्या बाजूला वळते आणि सांधा जणू कुलूपबंद होतो. म्हणून आपण स्नायू फारसे न शिणवता उभे राहू शकतो. पुन्हा वाकवताना गुडघ्यामागचा एक लहानसा स्नायू हे कुलूप उघडतो.

जर्मनीत विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या भावांनी १८३६ मध्ये माणसाच्या चालण्याच्या यंत्रणेवर ग्रंथ लिहिला. मांडीचे हाड नडगीच्या हाडावर घरंगळते आणि घसरतेही, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले होते. पुढे एमआरआय आल्यावर या चित्रात दुरुस्ती झाली. फ्रीमन आणि पिन्स्केरोव्हा यांच्या अभ्यासातून दिसले की गुडघा वाकताना मांडीच्या हाडाचा आतल्या बाजूचा उंचवटा जवळपास जागच्या जागी फिरतो, तर बाहेरचा बराच मागे सरकतो. म्हणजे प्रत्येक वाकण्यात थोडे वळणे मिसळलेलेच असते.

सपाट रस्त्यावर चालायला गुडघा साठ-सत्तर अंश वाकला तरी भागते. खुर्चीतून उठायला नव्वद ते शंभरच्या आसपास लागतात. भारतीय माणसांवर झालेल्या मोजमापांत उकिडवे बसताना हा कोन दीडशेच्या पुढे गेलेला दिसतो. खुर्चीवर आयुष्य काढणाऱ्याला या शेवटच्या पन्नास अंशांची कधी आठवणही होत नाही.

मांडी घालताना मात्र खरी कसोटी लागते खुब्याची. मांडीचे हाड खुब्यात बाहेरच्या बाजूला पुरेसे फिरले तर गुडघे आपोआप जमिनीकडे टेकतात. खुबा आखडलेला असेल तर गुडघे वर अधांतरी राहतात, आणि कोणी ते जोराने दाबले तर तो पीळ नडगीमार्गे गुडघ्याच्या आतल्या गादीवर उतरतो. पद्मासनाने गुडघा दुखावल्याची तक्रार ऐकली की मी आधी खुब्याविषयी विचारतो. वज्रासनात गुडघा पूर्ण दुमडतो, पण धडाचे बरेचसे वजन मांडीवरून थेट पोटरीवर आणि टाचांवर जाते. उकिडव्या बैठकीत घोटाही पणाला लागतो. तो पुढे वाकला नाही तर टाच उचलली जाते आणि सगळा तोल चवड्यावर येतो.

लाहोरची हाडे

या प्रश्नाचा शास्त्रीय इतिहास सुरू होतो तो वेदनेपासून नव्हे, हाडांच्या आकारापासून. आर्थर थॉमसन यांनी १८८९ मध्ये बसण्याच्या सवयीचा नडगी आणि घोट्याच्या हाडांवर काय ठसा उमटतो यावर निबंध लिहिला. चारच वर्षांनी लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शरीररचनेचे प्राध्यापक हॅवलॉक चार्ल्स यांनी पंजाबी माणसांच्या पायाच्या हाडांचे सविस्तर वर्णन छापले. घोट्याच्या पुढच्या बाजूला, नडगीचे हाड आणि खालचे हाड उकिडव्या बैठकीत एकमेकांना टेकतात तिथे, लहान गुळगुळीत पृष्ठे तयार झालेली त्यांना आढळली. युरोपीय हाडांत ती क्वचित दिसत. त्या काळाच्या रिवाजाप्रमाणे या लिखाणात ‘वंशां’ची चर्चा भरपूर आहे, आणि कमावलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात का, या तेव्हाच्या वादातही चार्ल्स यांनी ही हाडे ओढली. तो भाग आज कोणी गंभीरपणे घेत नाही. निरीक्षण मात्र टिकले. १९५९ मध्ये इंदरबीर सिंग यांनी भारतीय हाडांवर हाच अभ्यास नव्याने केला. शरीररचनेच्या त्यांच्या पुस्तकांवर आपल्याकडच्या डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या आहेत.

या मंडळींपैकी कोणीही त्या पृष्ठांना आजार म्हटले नाही. हाड सवयीला जुळवून घेते, एवढाच अर्थ त्यांनी काढला. १९५५ मध्ये गॉर्डन ह्यूज या मानववंशशास्त्रज्ञाने जगभरच्या बसण्याच्या पद्धतींचे नकाशे काढले, तेव्हाही उकिडवी बैठक ही मानवजातीच्या मोठ्या हिश्शाची रोजची विश्रांती असल्याचे पुढे आले.

‘झीज’ ही कल्पना दुसऱ्या वाटेने आली. सांध्यात हाडांच्या टोकांवर असते ती गुळगुळीत कूर्चा एकदा नष्ट झाली की पुन्हा भरून येत नाही, असे विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवले होते. १९५७ मध्ये केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी एक्स-रेवरून झिजेच्या पायऱ्या ठरवल्या आणि मोजणी शक्य झाली. कोणाचे गुडघे जास्त झिजतात, हा प्रश्न तिथून लोकसंख्येच्या पातळीवर विचारता येऊ लागला.

झिजेच्या बाजूचा पुरावा

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या लोकांचा माग अनेक दशके ठेवला गेला आहे. त्यातून १९९१ मध्ये फेल्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ज्या पुरुषांच्या कामात गुडघे वाकवणे आणि बऱ्यापैकी अंगमेहनत अशा दोन्ही गोष्टी होत्या, त्यांच्यात पुढे झिजेचे प्रमाण जास्त निघाले. १९९४ मध्ये इंग्लंडमध्ये कूपर यांच्या गटाने दिवसातून अर्ध्या तासाहून अधिक गुडघ्यावर टेकून वा उकिडवे बसून काम करणाऱ्यांत धोका वाढलेला पाहिला. अशा कामात ओझे उचलणेही असेल तर धोका आणखी वाढत होता. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. दवाखान्यातल्या सूचनेत तो गळून जातो.

या बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा बीजिंगचा. साठी ओलांडलेल्या बीजिंगवासीयांना तरुणपणी, साधारण पंचविशीत, दिवसाला किती वेळ उकिडवे बसत होतात असे विचारले गेले आणि त्यांच्या गुडघ्यांचे एक्स-रे काढले गेले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दिवसाला तीन तास वा त्याहून जास्त बसणाऱ्यांत अर्ध्या तासापेक्षा कमी बसणाऱ्यांच्या तुलनेत मुख्य सांध्याची झीज असण्याची शक्यता सुमारे दुप्पट होती. स्त्रियांत थोडी जास्तच. बीजिंगच्या स्त्रियांत फ्रॅमिंगहॅमच्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा गुडघ्याची झीज अधिक आहे, हे त्याआधीच पुढे आले होते. शरीराने त्या कितीतरी हलक्या असूनही.

याच बीजिंगमध्ये खुब्याची झीज मात्र अमेरिकेच्या मानाने फारच कमी आढळली, सुमारे ऐंशी ते नव्वद टक्क्यांनी कमी. त्याचे श्रेय काही जण बसण्याच्या सवयीला देतात, काही खुब्याच्या जन्मजात घडणीला. ज्या बैठकीने गुडघ्याचे नुकसान होते असे मानायचे तीच खुब्याला राखते का, हा प्रश्न तिथेच लोंबकळत आहे.

बीजिंगच्या आकड्यांवरचे आक्षेपही नोंदवायला हवेत. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी आपण रोज किती वेळ कसे बसत होतो, हे कोणाला नेमके आठवते? गुडघे दुखणाऱ्याला बसणे जास्त आठवते, हा जुना अनुभव. शिवाय तीन तास उकिडवे बसणारा माणूस त्या वेळी बहुधा काम करत असणार. दोष बैठकीचा की कामाचा, हे या पद्धतीने वेगळे काढता येत नाही.

वापराच्या बाजूचा पुरावा

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूही नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या वंगणातून होते. दाब पडला की कूर्चेतले पाणी बाहेर येते, दाब सुटला की आत शिरते. दिवसेंदिवस न वापरलेल्या सांध्याची कूर्चा पातळ होते, हे प्लास्टरमध्ये पाय अडकलेल्यांत आणि मज्जारज्जूला इजा झालेल्यांत दिसले आहे. त्यामुळे गुडघ्याला टायरसारखे ठरावीक किलोमीटरचे आयुष्य असते हे चित्र आज फारसे कोणी तज्ज्ञ मानत नाहीत. झीज आणि भरपाई दोन्ही चालू असतात, आणि सांध्याच्या अस्तराचा दाहही त्यात भाग घेतो.

खोल बैठकांबद्दलची भीती बरीचशी १९६१ मधली. टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी पूर्ण बैठका मारणाऱ्या खेळाडूंचे अस्थिबंध सैल होतात असे मांडले आणि अमेरिकेतल्या व्यायामवर्गांतून पूर्ण बैठक हद्दपार झाली. नंतरच्या अभ्यासकांना तसा सैलपणा सापडला नाही. २०१३ मध्ये हार्टमन आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा धांडोळा घेऊन असे मांडले की गुडघ्याच्या वाटीमागचा दाब साधारण नव्वद अंशांच्या आसपास चढलेला असतो. त्यापुढे खाली जाताना मांडीचा स्नायुबंध हाडाला लपेटतो, मांडी पोटरीवर टेकते आणि भार वाटला जातो. म्हणजे अर्ध्यात थांबणे सुरक्षित आणि पूर्ण बसणे घातक, या समजाला आधार मिळत नाही. अर्थात हे निरोगी, सराव असलेल्या गुडघ्यांबद्दलचे विधान आहे.

बर्लिनमध्ये तर कृत्रिम सांध्यातच मापक बसवून गुडघ्यातला भार प्रत्यक्ष मोजला गेला. चालताना तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, आणि जिना उतरताना सुमारे साडेतीन पट. साधे गुडघे वाकवणे चालण्याच्याच पंक्तीत बसले. पूर्ण उकिडव्या बैठकीची मापे त्यात नाहीत, पण जिना उतरण्याला आपण किती सहज सोडून देतो हे त्यातून कळते.

धावणाऱ्यांचे गुडघे लवकर जातात, हा आणखी एक लोकप्रिय समज. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात हौशी धावपटूंत खुबा वा गुडघ्याच्या झिजेचे प्रमाण ३.५ टक्के, न धावणाऱ्यांत १०.२ आणि स्पर्धात्मक धावपटूंत १३.३ टक्के आढळले. ज्यांचे गुडघे मुळातच चांगले तेच धावत राहतात, ही शंका इथेही घेता येतेच. त्याच वर्षी इयान वॉलेस, डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी अडीच हजारांहून अधिक सांगाडे तपासले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या अमेरिकी सांगाड्यांत गुडघ्याची झीज पूर्वीच्या औद्योगिक काळाच्या दुप्पट होती, वय आणि वजनाचा हिशेब लावल्यानंतरही. प्राचीन शिकारी आणि शेतकरी समाजांत ती कमी होती. आणि ते खुर्चीवर बसत नव्हते, हे वेगळे सांगायला नको. मात्र कारण खाली बसणे सुटले हेच, असा दावा लेखकांनी केलेला नाही. टांझानियातल्या हाद्झा लोकांवरचा २०२० चा अभ्यासही असाच जरा जास्त ताणला जातो. ते दिवसाचे सुमारे दहा तास बसतात, पण उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसताना पायांचे स्नायू खुर्चीच्या मानाने जास्त जागे असतात, असे त्यात दिसले. तो हृदयाच्या आणि चयापचयाच्या अंगाने विचार करणारा अभ्यास होता, गुडघ्याच्या नव्हे.

वजन, इजा आणि खुरपणी

दोन्ही बाजूंच्या पुराव्यातून एकमताने पुढे येणारी नावे दोन: वजन आणि जुनी इजा. फिनलंडच्या माजी अव्वल खेळाडूंची १९९५ मधली तपासणी याचे चांगले उदाहरण. गुडघ्याची झीज नेमबाजांत ३ टक्के, लांब पल्ल्याच्या धावपटूंत १४, फुटबॉलपटूंत २९ आणि वजन उचलणाऱ्यांत ३१ टक्के. फुटबॉलपटूंत मागे होत्या इजा. वजन उचलणाऱ्यांत शरीराचे वजन आणि भारासकट केलेले काम. आपल्या तालमींतल्या हजार-हजार बैठकांचा विषय निघाला की दोन्ही पक्ष आपापले पैलवान पुढे करतात. पण तिथेही बैठक, शंभर किलोचे शरीर आणि आखाड्यातल्या इजा एकत्र असतात. फ्रॅमिंगहॅममध्ये स्त्रियांनी दहा वर्षांत सुमारे पाच किलो वजन उतरवले तर त्रासदायक झिजेचा धोका निम्म्याहून कमी झाला, हे १९९२ पासून माहीत आहे. इतका स्वस्त आणि इतका दुर्लक्षित निष्कर्ष दुसरा नसेल.

खुरपणी करणारी बाई पाहिली की ‘किती वेळ’ आणि ‘कशासह’ हे दोन प्रश्न डोळ्यांसमोर उभे राहतात. ती उकिडवी बसते ती सरीच्या टोकाशी, आणि न उठता पुढे सरकत राहते. डाव्या पायावर भार, उजवा अर्धी वीत पुढे. मग उजव्यावर भार, डावा पुढे. प्रत्येक सरकण्यात पूर्ण दुमडलेला गुडघा एकट्याने सगळे शरीर पेलतो आणि थोडा वळतोही. असे जेवणाच्या सुट्टीपर्यंत, आणि पुन्हा संध्याकाळपर्यंत. पंगतीला बसून पंधरा मिनिटांत उठणाऱ्याच्या मांडीशी याची तुलना कशी करायची? बीजिंगचे आकडे लागू पडलेच तर या बाईला पडतील. सल्ला मात्र पंगतीवाल्याला मिळतो, कारण दवाखान्यात तो येतो.

ग्रामीण महाराष्ट्रात सांधेदुखीची पद्धतशीर मोजणी १९९६ पासून झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागातल्या कॉपकॉर्ड प्रकल्पात पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी भिगवण गाव घरोघर जाऊन तपासले. सांध्या-स्नायूंचे दुखणे ही खेड्यातली किती सर्रास तक्रार आहे, ते त्यातून कागदावर आले. वेदना आणि एक्स-रे यांची जोडी नेहमी जमत नाही, हेही अशा पाहण्यांतून वारंवार दिसते. एक्स-रेत भरपूर झीज असलेला माणूस निवांत चालतो आणि जवळपास स्वच्छ एक्स-रे असलेली बाई रात्र जागून काढते.

बदललेला गुडघा

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया भारतात घराघरांत पोचली ती २००० च्या ऑक्टोबरात, पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला तेव्हा. उजवा पुढच्या वर्षी झाला. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कचे. १९७० च्या दशकात इन्सॉल आणि वॉकर यांच्याबरोबर आधुनिक कृत्रिम गुडघ्याचा नमुना घडवणाऱ्यांपैकी ते एक. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि मध्यमवर्गाला हा उपाय आणखी जवळचा झाला.

हा सांधा घडला तो खुर्चीवर बसणाऱ्यांच्या गरजा समोर ठेवून. आशियाई बाजार डोळ्यांपुढे आल्यावर ‘जास्त वाकणारे’ सांधे निघाले. दीडशे अंशांच्या आसपास वाकले तरी चालेल अशी त्यांची रचना. कोरियात २००५ मध्ये एकाच रुग्णाच्या एका पायात साधा आणि दुसऱ्यात नवा सांधा बसवून तुलना झाली: साध्याचा सरासरी कोन १३५.८ अंश, नव्याचा १३८.६. फरक नगण्य. दोन वर्षांनी कोरियातूनच दुसरा अहवाल आला. अशा एका सांध्याच्या ७२ गुडघ्यांपैकी ३८ टक्क्यांत मांडीकडचा भाग लवकर सैल झाला होता, आणि ज्यांना उकिडवे बसता येत होते, मांडी घालता येत होती, त्यांच्यात जास्त. सगळ्याच केंद्रांना हा अनुभव आला नाही, म्हणून काही शल्यविशारद निवडक रुग्णांना खाली बसू देतात. बरेच जण ठाम नकार देतात. एका बाबतीत दुमत नाही: शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल याचा सर्वांत चांगला अंदाज तो आधी किती वाकत होता यावरून येतो. रुग्णाला जाहिरातीतला कोन दाखवला जातो, हे मला खटकते.

जे अजून सुटलेले नाही

निरोगी गुडघ्याने खाली बसावे का आणि दुखऱ्या गुडघ्याने बसावे का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर आजच्या पुराव्यावरून बरेचसे ‘हो’कडे झुकते, निदान थोडा वेळ, ओझ्याशिवाय आणि लहानपणापासून सवय असेल तर. दुसऱ्या प्रश्नात दुखत असताना टाळणे शहाणपणाचे, एवढ्यावर एकमत आहे. पण दुखणे कमी झाल्यावर पुन्हा सुरू करावे का, यावर नाही. व्यायामोपचारवाले हळूहळू सुरू करा म्हणतात, शस्त्रक्रियेकडचे बहुतेक जण नको म्हणतात, आणि दोघांकडेही दीर्घकाळ माग ठेवलेला अभ्यास हाताशी नाही.

मांडीचा स्वतंत्र विचार तर त्याहून कमी झाला आहे. बीजिंगचा प्रश्न उकिडव्या बैठकीचा होता. त्याचे उत्तर मांडीला, वज्रासनाला परस्पर लावले गेले. बसण्यापेक्षा जमिनीवरून उठणे गुडघ्याला जड जाते का, हेही वेगळे मोजायला हवे. उठण्याची क्षमता काय सांगते, याचा एक धागा ब्राझीलमधून मिळतो. क्लाउडिओ गिल अराउजो यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांना आधार न घेता जमिनीवर बसून उठायला लावले होते, आणि ज्यांना ते कमी जमले त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण जास्त निघाले. पण तिथे गुडघा हा केवळ ताकदीचा आणि तोलाचा निर्देशक आहे. उठण्याचा सराव केल्याने आयुष्य वाढते, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

अभ्यासाची साधनेही अपुरी आहेत. गुडघ्याच्या उपचारांचे यश जगभर ज्या प्रश्नावल्यांवर मोजले जाते त्यांपैकी वोमॅकमध्ये जिना, मोजे घालणे, न्हाणीच्या टबात उतरणे आहे. ऑक्सफर्डच्या प्रश्नावलीत गाडीतून उतरणे, खरेदी, गुडघे टेकून पुन्हा उठणे आहे. मांडी दोन्हींत नाही. १९९८ मध्ये आलेल्या कूस या प्रश्नावलीत उकिडवे बसणे सापडते, पण ‘खेळ आणि मनोरंजन’ या विभागात, धावण्या-उड्या मारण्याच्या रांगेत. खुरपणीवरून आलेल्या बाईने तो रकाना कसा भरायचा, हे प्रश्नावली घेऊन समोर बसणाऱ्या तरुण डॉक्टरला जागच्या जागी ठरवावे लागते, आणि दोन दवाखान्यांत ते एकसारखे ठरत नाही.